पावसाळ्यात शेतावर जायला थार, जिम्नी की गुरखा?

भातखाचर_वेल्हे:
नमस्कार मंडळी. वेल्ह्याच्या पुढे आमची भातशेती आहे. डांबर संपलं की ४ किमी कच्ची वाट, मध्ये ओढा, जुलैत गुडघ्याच्या वर पाणी आणि तळाला गोटे, आणि ओढा ओलांडला की लगेच लाल चिकणमातीचा चढ, त्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या. इतकी वर्षं गाडी अलीकडे लावून चालत जायचो, पण आता वडील पंचाहत्तरीचे झालेत आणि लावणीला त्यांना बांधावर उभं राहायचंच असतं. तिन्ही गाड्या डांबरावर चालवून बघितल्या, त्यातून काय कळणार? ज्यांनी चिखलात चालवल्यात त्यांनी सांगा.

ताम्हिणी_भटक्या:
माझ्याकडे जिम्नी आहे. वजन जेमतेम १२०० किलो, त्यामुळे मऊ चिखलात जड गाड्या रुतून बसतात तिथं ही वरच्यावर निघून जाते, आणि रुंदी १६४५ मिमी म्हणजे दोन बांधांमधून सुद्धा आरामात जाते. पण चढाला पेट्रोल इंजिन थोडं वर फिरवत ठेवावं लागतं, अगदी रेंगाळत चढवायला डिझेलच बरं. दुसरं म्हणजे हिला डिफरेन्शियल लॉक (डावं-उजवं चाक एकत्र बांधून सारखंच फिरवणारी सोय) नाही, फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाला देते. एक चाक हवेत गेलं की पाय काढायचा नाही, गॅस तसाच धरून ठेवायचा, मग सेकंदभरात पकडते. नवीन माणूस घाबरून तिथंच पाय काढतो.

जांभा_माती:
दादा, तुमच्या वाटेवर ओढा आणि चाकोऱ्या हेच दोन मुद्दे आहेत. पाण्यात थारला कंपनी ६५० मिमी सांगते, गुरखाला ७०० आणि वर स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) कंपनीचाच. पण हे आकडे साचलेल्या पाण्याचे समजा, गुडघाभर वाहतं पाणी हलकी गाडी बाजूला सरकवतं. पाणी लाल गढूळ होऊन चढत असेल तर कुठलीही गाडी असो, वडिलांना घेऊन उतरू नका.
लॉकचं म्हणाल तर गुरखाला पुढे-मागे दोन्ही लॉक, हाताने लावायचे, थारला मागचं आपोआप लागतं (सगळ्या व्हेरियंटला नाही, घेताना विचारा). गुरखाचं पुढचं लॉक लावलं की स्टिअरिंग दगडासारखं होतं, वळायच्या आधी काढायचं. चाकोऱ्या किती खोल आहेत? मधला उंचवटा मोजून या, डिफरेन्शियलचा गोळा (डाव्या-उजव्या चाकांच्या मध्ये खाली आलेला भाग) तिथंच घासतो.

भातखाचर_वेल्हे:
काल टेप घेऊन गेलो होतो. उंचवटा बऱ्याच ठिकाणी ९ इंच, एका ठिकाणी १० च्या वर. आणि सगळ्यात अरुंद जागा बांधापासून बांधापर्यंत ७ फूट.

जांभा_माती:
मग ऐका. जिम्नीचा क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर) २१० मिमी, थारचा २२६, गुरखाचा २३३, म्हणजे ९ इंचाला गुरखाच कशीबशी सुटेल, १० ला तीही घासणार. तेव्हा चाकोरीत उतरायचंच नाही, एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक बाहेरच्या कडेवर ठेवून जायचं. फोर-लो (चारही चाकांना ताकद, संथ पण जोरदार), पहिला किंवा दुसरा गिअर, टायरची हवा २० पर्यंत उतरवलेली. आणि त्या १० इंची जागेला दोन ट्रॉल्या मुरूम टाकून घ्या, ते कुठल्याही लॉकरपेक्षा स्वस्त पडेल. ७ फुटात गुरखा (१८६५ मिमी) जाते पण आरसे मिटून, पावसात काचेवर वाफ धरलेली असताना रोज ते करणार का? मी तुमच्या जागी असतो तर डिझेल थार घेतली असती.

ताम्हिणी_भटक्या:
मुरूम टाकणार असाल तर जिम्नी पण विचारात घ्या, चढ-उतार वडिलांना सोपा पडेल. थारला पायरी उंच आहे. आणि परत डांबरावर आलात की लगेच २एच (दोनच चाकांना ताकद) मध्ये टाका, तिन्ही पार्ट-टाइम आहेत, म्हणजे चारही चाकांची ताकद फक्त निसरड्या वाटेसाठी, सुक्या रस्त्यावर ४एच (चारही चाकांना ताकद) मध्ये वळवली की ट्रान्समिशन आवळून धरतं.

भातखाचर_वेल्हे:
पायरीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वडिलांचा डावा गुडघा वाकत नाही नीट. रविवारी त्यांनाच शोरूममध्ये घेऊन जातो, तिन्हीत चढवून-उतरवून बघतो. मुरूमवाल्याला आजच फोन केलाय, पाऊस लागायच्या आत दोन ट्रॉल्या पडतील म्हणाला.