नाटकाच्या तिकीट-साइटवर एकच खुर्ची दोघांना विकली जाते (पीएचपी ८.२, मायएसक्यूएल ८)

विंगेतून

नमस्कार मंडळी. एका नाट्यसंस्थेची ऑनलाइन तिकीटविक्रीची साइट आता माझ्याकडे आली आहे. प्रयोग शिवाजी मंदिर, यशवंत, दीनानाथ असे फिरते. कोड साध्या पीएचपीतला, फ्रेमवर्क नाही. दोन जीबी मेमरीचा एकच सर्व्हर, डेटाबेसही त्याच्यावरच.

सध्याची रीत अशी: प्रेक्षक नकाशावर खुर्ची निवडतो, पीएचपी सिलेक्ट मारून ती रिकामी आहे का बघतं आणि असेल तर त्याला पेमेंट गेटवेकडे पाठवतं. पैसे भरून ब्राउझर आमच्या साइटवर परतला की खुर्ची 'विकली' होते.

रविवारच्या प्रयोगांना एफ १२, एफ १३ अशा मधल्या खुर्च्या दोघांना जातात आणि डोअरकीपरसमोर वाद होतो. त्यावर 'दहा मिनिटं राखीव' असा कॉलम टाकला, तर दुपारी कुणी अर्धवट सोडलेली खुर्ची संध्याकाळपर्यंत सुटत नाही. पैसे भरून परतलेल्या काहींना थेट लॉगिनचं पान दिसतं. बुकिंग उघडलं की नकाशा अडकतो, सीपीयू मात्र निवांत. शिवाय काही जुन्या ऑर्डरींत मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आहेत.

तिकीट दाखवणारं पान 'तिकीट.पीएचपी?आयडी=१०४१' असं उघडतं. सगळं पाडून नव्याने लिहायला वेळ नाही. कुठून सुरुवात करू?

मुलुंड_पूर्व

दोघांना एक खुर्ची जाते कारण 'बघणं' आणि 'विकणं' यांत तुमच्याकडे काही मिनिटांचं अंतर आहे. यूपीआयचा पिन टाकेपर्यंत दुसरा माणूस तीच खुर्ची रिकामी बघतो. पीएचपीतला 'इफ' कितीही वेळा लावा, दोन विनंत्या एकाच वेळी त्यातून पार होणारच. हा निर्णय डेटाबेसला घेऊ द्या.

आरक्षणाचं वेगळं टेबल करा आणि प्रयोग-क्रमांक व खुर्ची-क्रमांक या जोडीवर युनिक की लावा, म्हणजे तीच जोडी दोनदा घालता येणार नाही. खुर्ची धरायची म्हणजे त्या टेबलात ओळ घालायची. दुसऱ्याची ओळ १०६२ ही चूक देऊन परत येईल, ती पकडून 'ही खुर्ची नुकतीच गेली' असं सांगा. तीन खुर्च्या असतील तर तिन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही) घाला, एक जरी अडली तरी रोलबॅक, म्हणजे केलेलं सगळं मागे. टेबल इनोडीबी या साठवणीच्या प्रकारातलं आहे ना, हे आधी तपासा. जुन्या साइटींवर मायआयसॅम सापडतं आणि त्यात रोलबॅक मुकाट्याने काहीच करत नाही.

मुदत संपलेल्या ओळी नवीन घालण्याआधी त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये डिलीट करा.

आणि रक्कम फॉर्मच्या लपवलेल्या फील्डमधून घेत असाल तर आजच बंद करा. ब्राउझरकडून फक्त प्रयोग आणि खुर्च्या यायला हव्यात, दर सर्व्हरने टेबलातून काढायचा. पैसे पूर्णांकात, पैशांत साठवा: ५०० रुपये म्हणजे ५००००. फ्लोट (दशांशाचा प्रकार) नको.

बॅकएंडवाली

मुलुंड_पूर्व यांचं निदान बरोबर, पण डिलीट करून इन्सर्ट केलं तर गर्दीच्या वेळी डेडलॉक (दोघं एकमेकांसाठी अडकून राहणं) होतील. इनोडीबीच्या नेहमीच्या रिपीटेबल रीड या ट्रान्झॅक्शन-पातळीवर, नसलेली ओळ डिलीट करायला गेलं तरी त्या जागेच्या फटीवर लॉक (गॅप लॉक) बसतं. असं लॉक दोघांना एकाच वेळी मिळतं. मग दोघं त्याच फटीत ओळ घालायला जातात, एकमेकांसाठी थांबतात आणि एकाला १२१३ ही डेडलॉकची चूक मिळते.

त्यापेक्षा प्रयोग जाहीर करतानाच प्रत्येक खुर्चीची ओळ तयार करून ठेवा. समजा ७०० खुर्च्या, तर ७०० ओळी. डेटाबेसला हे काहीच नाही. मग खुर्ची धरणं म्हणजे एकच सशर्त अपडेट:

स्थिती 'राखीव' करा, ऑर्डर-क्रमांक लिहा, मुदत आत्तापासून दहा मिनिटं. अट अशी की प्रयोग हा, खुर्च्या या तीन, आणि स्थिती 'रिकामी' असावी किंवा 'राखीव' असून मुदत उलटलेली असावी.

यानंतर किती ओळी बदलल्या ते मोजा. तीन आल्या तर कमिट, कमी आल्या तर रोलबॅक. आधी सिलेक्ट मारायची गरजच उरत नाही. युनिक की तरीही ठेवा, ओळी तयार करणारी स्क्रिप्ट कुणी दोनदा चालवली तर तीच वाचवते.

इथे एक खोच आहे. पीडीओचा (पीएचपीच्या डेटाबेस-जोडणीचा) रो-काउंट मायएसक्यूएलमध्ये अटीत बसलेल्या नव्हे, खरोखर बदललेल्या ओळी मोजतो. स्वतःचीच राखीव खुर्ची पुन्हा धरायची सोय ठेवली आणि प्रेक्षकाने एका सेकंदात दोनदा बटण दाबलं, तर दुसऱ्या वेळी ओळीतली मुदत तीच राहते, शून्य मिळतं आणि त्याला उगाच 'खुर्ची गेली' दिसतं. कनेक्शन उघडताना फाउंड-रोजचा पर्याय चालू करा.

सिलेक्ट फॉर अपडेट, म्हणजे वाचतानाच ओळ लॉक करणं, कुणी सुचवेल. चालतं, पण ते काही मिलिसेकंदांसाठी. प्रेक्षक पैसे भरत असताना लॉक धरून ठेवता येत नाही, विनंती संपली की कनेक्शन जातं आणि ट्रान्झॅक्शनही उलटतं.

आता संध्याकाळपर्यंत न सुटणारी खुर्ची. नीट मोजून बघा, ती बहुधा ५ तास ४० मिनिटांनी सुटत असेल. तुमची दहा मिनिटं आणि वरचे साडेपाच तास. मुदत पीएचपी भारतीय वेळेने लिहितंय आणि मायएसक्यूएलचं नाऊ (आत्ताची वेळ) यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत चालतंय. मुदत लिहिताना आणि तपासताना दोन्हीकडे डेटाबेसचंच घड्याळ वापरा, पीएचपीतून तारीख बनवून पाठवू नका. कनेक्शन उघडल्यावर टाइमझोन '+०५:३०' असा आकड्यात सेट करा. 'एशिया/कोलकाता' हे नाव चालायला मायएसक्यूएलमध्ये टाइमझोनची टेबलं भरलेली लागतात, ती बऱ्याचदा रिकामी असतात.

चर्चगेट_फास्ट

लॉगिनचं पान दिसतं त्याबद्दल. गेटवे तुमच्याकडे परत पाठवताना पोस्ट विनंती करतो का? करत असेल तर कारण सेमसाइट, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत कुकी पाठवायची का हे ठरवणारी सेटिंग. सेशन कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी खूण) लॅक्स असली की दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टसोबत ती जात नाही. २०२० पासून क्रोम काही न लिहिलेली कुकीही लॅक्सच धरतो. फक्त कुकी दोन मिनिटांच्या आतली असेल तर पोस्टला सूट देतो, म्हणून 'काहींनाच' होतं. नुकतंच लॉगिन केलेला सुटतो, रेंगाळलेला अडकतो.

कुकी सेमसाइट नन करून मोकळं होऊ नका, सीएसआरएफचं, म्हणजे दुसऱ्या साइटने तुमच्या प्रेक्षकाच्या नावाने विनंती मारण्याचं, दार सताड उघडेल. परतीच्या पानावर सेशनला हातच लावू नका. ऑर्डर-क्रमांक घ्या आणि ३०३ देऊन आपल्याच 'ऑर्डरची स्थिती' पानावर पाठवा. तिथे साधी गेट विनंती जाते, लॅक्स कुकी सोबत येते, माणूस लॉगिनमध्येच राहतो.

त्याहून मोठं: खुर्ची विकली हे ब्राउझर परत आल्यावर ठरवायचंच नाही. लोकलमध्ये दादर-माटुंग्यादरम्यान नेट गेलं की ब्राउझर परत येतच नाही. ते काम गेटवेच्या वेबहुकचं, म्हणजे गेटवेचा सर्व्हर थेट आपल्या सर्व्हरला पाठवतो त्या निरोपाचं. त्यात:

आलेला मजकूर जसाच्या तसा 'पीएचपी://इनपुट' मधून वाचा, त्यावर गुप्त कीने एचमॅक एसएचए-२५६ ही सही काढा आणि आलेल्या सहीशी हॅश_इक्वल्सने ताडून बघा. जेसन आधी उलगडून पुन्हा बांधला तर एखादी स्पेस बदलते आणि सही जुळत नाही. 'सही चुकीची येते' म्हणणाऱ्यांत हे हमखास सापडतं. मग रक्कम आपल्या ऑर्डरशी जुळते का ते बघा. पेमेंट-क्रमांकावर युनिक की ठेवा, कारण एकच वेबहुक दोनदा येऊ शकतो. शेवटी पटकन २०० द्या. ईमेल, पीडीएफ वगैरे नंतर क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमधून). ते तिथेच केलं आणि वेळ लागला तर गेटवे अपयश समजून पुन्हा पाठवतो.

लालबाग_लूप

सीपीयू निवांत आणि पान अडकलेलं, म्हणजे सगळे कशाची तरी वाट बघतायत. अंदाज नको, एफपीएमचा (पीएचपीच्या प्रोसेस चालवणाऱ्या सेवेचा) स्लोलॉग ३ सेकंदांवर चालू करा. अडकलेली विनंती नेमक्या कुठल्या ओळीवर उभी आहे ते त्यात छापून येतं.

सेशन_स्टार्टवर उभी असेल तर सेशनच्या फाइलचं लॉक. पीएचपी एका सेशनची फाइल एका वेळी एकाच विनंतीला देतं. 'पेमेंट झालं का' विचारणारी विनंती गेटवेच्या उत्तरासाठी १५ सेकंद थांबली, की त्याच माणसाच्या नकाशाच्या सगळ्या विनंत्या तिच्यामागे रांगेत. सेशनमधून हवं ते वाचून झालं की लगेच सेशन_राइट_क्लोज. रिकाम्या खुर्च्या सांगणाऱ्या विनंतीला तर सेशन उघडायचीच गरज नाही.

कर्ल_एक्झेकवर (बाहेरच्या सर्व्हरला विनंती पाठवणाऱ्या ओळीवर) उभी असेल तर टाइमआउट दिलेला नसेल. कर्ल आपणहून कितीही वेळ थांबतं. जोडणीला ५ आणि एकूण १५ सेकंद द्या. मॅक्स_एक्झिक्यूशन_टाइमवर विसंबू नका, लिनक्सवर बाहेरची वाट बघण्यातला वेळ त्यात धरला जात नाही.

मॅक्स_चिल्ड्रन, म्हणजे एका वेळी किती पीएचपी प्रोसेस चालतील ती मर्यादाही बघा. मुळातल्या फाइलमध्ये बहुधा ५ असतं, म्हणजे पाच जण अडकले की साइट बंद. उगाच १०० करू नका. दोन जीबीतून सिस्टिम आणि मायएसक्यूएलला ९०० एमबी सोडा, उरलेल्या साधारण ११०० ला एका प्रोसेसच्या मेमरीने भागा. ५० एमबी लागत असेल तर २० ते २२ येतात, १८ ठेवा. जास्त ठेवले की गर्दीच्या वेळी स्वॅप सुरू होतो किंवा कर्नल मायएसक्यूएललाच मारतो.

प्रश्नचिन्हं झालेली नावं विसरा. अक्षरं लिहितानाच गेलीत, बॅकअपमध्येही तीच असतील. विचित्र फिरंगी अक्षरं दिसत असती तर परत मिळवता आली असती. पुढच्यासाठी टेबल आणि पीडीओच्या कनेक्शनची ओळ, दोन्हीकडे यूटीएफ८एमबी४ ही अक्षरसंच-सेटिंग.

बॅकएंडवाली

तिकिटाच्या त्या आयडी=१०४१ कडे कुणी वळलं नाही. कुणीही १०४२ टाकून दुसऱ्याचं तिकीट, नाव, फोन बघेल, छापून आतही जाईल. लॉगिन तपासून भागत नाही, लॉगिन त्याचंही आहेच. क्वेरीच्या अटीतच 'आणि ग्राहक = सेशनमधला ग्राहक' हवं. ईमेलमधल्या लिंकला लॉगिन नको असेल तर रँडम_बाइट्स १६ घेऊन त्याचं ३२ अक्षरी हेक्स टोकन लिंकमध्ये ठेवा. क्यूआरमध्येही तेच.

जुना कोड आहे म्हणून आणखी दोन. क्वेरीत चल (व्हेरिएबल) थेट जोडलेले सगळे शोधून प्रिपेअर करा, म्हणजे किंमती क्वेरीपासून वेगळ्या पाठवा, इम्युलेशन बंद ठेवून. 'यापैकी' (इन) अटीला खुर्च्या असतील तितकी प्रश्नचिन्हं, म्हणजे किंमतींच्या रिकाम्या जागा, बनवावी लागतात. ऑर्डर-बायमधलं कॉलमचं नाव प्रिपेअरने बांधता येत नाही, ते ठरलेल्या नावांच्या यादीतूनच घ्या. इंजेक्शन (बाहेरून क्वेरीत घुसवलेला मजकूर) बहुतेक तिथेच उरलेलं असतं.

पासवर्ड एमडी५ या जुन्या, कमकुवत पद्धतीत असतील तर पासवर्ड_हॅश, कॉलम २५५ चा. त्यामागचं बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट बघतं आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे २४ चिन्हं, आणि काना-मात्राही त्यात वेगळ्या मोजल्या जातात. लॉगिन झाल्याबरोबर सेशनचा आयडी बदला.

विंगेतून

मोजलं. ५ तास ४० मिनिटंच. स्लोलॉगमध्ये बहुतेक सेशन_स्टार्ट, थोडे कर्ल. परतीची विनंती पोस्टच आहे. टेबलं बदलायला घेतली आहेत.

एक अडतंय. राखीव मुदत संपली, खुर्ची दुसऱ्याने घेतली, आणि मग पहिल्याचा यशस्वी वेबहुक आला तर?

चर्चगेट_फास्ट

होणार. यूपीआयमध्ये पेमेंट 'प्रलंबित' राहून काही वेळाने यशस्वी होतं. वेबहुकमध्ये पुन्हा तोच सशर्त अपडेट चालवा: खुर्ची अजून याच ऑर्डरच्या नावावर असेल किंवा मोकळी असेल तर 'विकली'. सगळ्या खुर्च्या मिळाल्या नाहीत तर रोलबॅक करून ऑर्डर 'परतावा देणे' स्थितीत टाका. गेटवेला परताव्याची विनंती क्रॉनमधून जाऊ द्या. ट्रान्झॅक्शनच्या आत बाहेरच्या सर्व्हरला कॉल करायचा नाही, तो लटकला तर खुर्च्यांचे लॉकही लटकतात.

गेटवेवर ऑर्डरची मुदत ठरवता येत असेल तर ती आपल्या राखीव मुदतीपेक्षा कमी ठेवा. तिकडे ८ मिनिटं, इकडे १२. प्रकरणं बरीच कमी होतील, शून्य नाही.

मुलुंड_पूर्व

गॅप लॉकचं मान्य, ओळी आधीच तयार ठेवणं बरं.

परताव्याच्या विनंतीलाही आपला ठरलेला क्रमांक द्या, गेटवे घेत असेल तर. क्रॉन मध्येच मेला आणि पुन्हा चालला तर पैसे दोनदा परत जाऊ नयेत. आणि 'परतावा देणे' मध्ये तासाभराहून जास्त पडून असलेल्या ऑर्डरींचा मेल तिकीट खिडकीवरच्या माणसाला जाऊ द्या. प्रेक्षकाचा फोन आधी त्यालाच येतो.