मदत हवी आहे: माध्यम नियामक मंडळाच्या नेमणुकीचं कलम कसं लिहावं?

माध्यमांवर देखरेख ठेवणाऱ्या या मंडळाच्या कायद्याचा मसुदा लिहितोय, पण गाडी सदस्यांच्या नेमणुकीच्या कलमावर अडली आहे. नेमणुकीसाठी संसदेच्या दोन-तृतीयांश बहुमताची अट पुरेशी नाही. हंगेरीत २०१० मध्ये हीच अट होती, पण तेवढं बहुमत सत्ताधाऱ्यांकडेच असल्याने माध्यम परिषदेचे पाचही सदस्य ९ वर्षांसाठी त्यांच्याच पसंतीचे आले!

म्हणून सध्या असं लिहिलंय: ९ सदस्य, मुदत एकदाच ६ वर्षं, दर २ वर्षांनी एक-तृतीयांश निवृत्त, माध्यमांचा परवाना रद्द करण्याचा अधिकार फक्त न्यायालयाला. (निधीही कायद्यानेच ठरलेला हवा, नाहीतर नाक दाबता येतं.)

खरी भीती वेगळीच आहे. नेमणुका मुद्दाम लांबवल्या तर गणपूर्ती (बैठकीला लागणारी किमान सदस्यसंख्या) होत नाही आणि मंडळ लुळं पडतं. उत्तराधिकारी येईपर्यंत जुन्या सदस्याला ठेवावं, तर नको असलेला माणूसही चिकटून राहतो. यावर चोख शब्दरचना कुणी सुचवेल का?