विमान १५ तारखेचं, पण घर सोडायचं १४च्या संध्याकाळी! बोरन्हाण, नेरूळ आणि चार बॅगा एका दिवसात कशा बसवू?

मेलबर्नकरीण (१२ जानेवारी २०२६, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. चार आठवड्यांसाठी ठाण्याला नौपाड्यात सासरी आले आहे. सुट्टी संपत आलीय. आज रात्री जेवताना सासूबाई सहज म्हणाल्या, "१५ला पाचला बोरन्हाण, आठला हळदीकुंकू आटपेल, मग तुम्ही निवांत निघा." मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो.

तिकिटावर आहे १५ जानेवारी, ००.५०. म्हणजे १४ला रात्री जागून पकडायचं विमान. १५च्या संध्याकाळी पाचला आम्ही सिंगापूरही सोडलेलं असेल.

सासूबाईंचा हिशेब त्यांच्या जागी चोख होता. १५ला महापालिकेचं मतदान, सगळ्यांना सुट्टी. "सकाळी मत द्या, दुपारी आडव्या व्हा, पाचला या," असं सांगून बत्तीस बायकांना बोलावणं गेलंय. वाण म्हणून चहाच्या स्टीलच्या गाळण्या आणल्यात, पस्तीस. आमच्या धाकट्यासाठी (वय तीन, पुढच्या खेपेपर्यंत बोरन्हाणाचं वय निघून जाईल) हलव्याचे दागिने आणलेत, त्यात मुकुट आणि बासरीसुद्धा. ते सगळं सोफ्यावर मांडलेलं होतं आणि मला सांगायचं होतं की १५ला मुलगाच इथे नाही.

बरं, १४ला उरकावं म्हटलं तर पंचांग आडवं येतंय. संक्रमण दुपारी तीननंतर, त्याआधी बोरन्हाण नको असं सासूबाईंचं म्हणणं. आणि १४ला दुपारी आम्ही नेरूळला, माझ्या माहेरी जेवायला जायचं कधीचं ठरलंय. निरोपाचं जेवण. त्याच दिवशी एकादशी असल्याने सुरमई रद्द झाली, म्हणून बाबा आधीच घुश्शात आहेत. आता "येतच नाही" म्हटलं तर संपलंच.

बाकीची यादी: टेलरकडे दोन ब्लाउज अडकलेत (तो गेले चार दिवस "संध्याकाळी या" एवढंच म्हणतोय). माझ्या दाताची कॅप बसायचीय. नवऱ्याची बँकेत एक सही राहिलीय, आणि १५ला बँक बंद. प्रत्येकी ३० किलो सामान, चार बॅगा, त्यातली एक अजून रिकामी आणि एक बंद होत नाहीये. मोठीला मासुंदा तलावावर परत एकदा बोटीत बसायचंय, तसा तिला शब्द दिलेला आहे.

हे सगळं उद्याची भोगी आणि परवाची संक्रांत यांत कसं कोंबू? आणि नौपाड्यातून किती वाजता निघायचं? नवरा म्हणतो साडेनऊ. मला तो वेडेपणा वाटतो. सासूबाई रागावलेल्या नाहीत, नुसत्या गप्प आहेत, ते जास्त अवघड आहे.

कोपरीकर (१३ जानेवारी, सकाळी ६.५५)

साडेनऊ विसरा. ००.५० चं विमान म्हणजे काउंटर बहुधा बारा वाजायच्या आतच बंद. लहान मुलं, चार बॅगा, पुढे इमिग्रेशनची रांग. साडेनऊला मुंबई विमानतळाच्या टी-२च्या (टर्मिनल २) दारात उभं राहायचं, म्हणजे घरातून पावणेआठला चाकं हलली पाहिजेत. अंतर पंचवीसेक किलोमीटर, पण संध्याकाळच्या त्या पंचवीसचा काही भरवसा नाही.

तीन हात नाक्यावरून ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला लागा. टोलची रांग आता नाही, १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून कारना मुंबईच्या पाचही नाक्यांवर माफी आहे. खरा प्रश्न विक्रोळीला येतो. नेहमीचा रस्ता जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), पवईवरून, पण तिथे मेट्रो ६चं काम आणि गांधीनगरचा सिग्नल. विक्रोळीच्या आधीच फोनवर नकाशा बघा. लाल दिसला तर सरळ पुढे छेडानगरला जाऊन सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड धरा. लांब पडेल, पण गाडी चालती राहील. पुढे वेस्टर्न हायवेवरून सहार उन्नत मार्ग थेट टी-२ला सोडतो.

दुसरं, मतदानाच्या आदल्या दुपारी पेट्या आणि कर्मचारी घेऊन बसगाड्या केंद्रांवर निघतात. शाळांच्या आसपासचे रस्ते टाळा. आणि ॲपवरच्या गाडीच्या नादी लागू नका, डिकीत सीएनजीची टाकी असते, चार बॅगा मावत नाहीत. ओळखीच्या ड्रायव्हरला कॅरियरवाली मोठी गाडी आजच सांगून ठेवा.

खारघरचा पाहुणा (१३ जानेवारी, सकाळी ७.३०)

विमानतळ कुठला ते नीट पाहिलंत ना? नवी मुंबईचाही २५ डिसेंबरपासून सुरू झालाय. मागच्या आठवड्यात आमचे व्याही गोव्याला जायला निघाले आणि नवी मुंबईऐवजी सहारला, जुन्या विमानतळावर पोचले.

मेलबर्नकरीण (१३ जानेवारी, सकाळी ७.४८)

टी-२च. पाच वेळा वाचलं. आता सगळंच पाच वेळा वाचतेय.

सुमनमावशी (१३ जानेवारी, सकाळी ९.१०)

अगं, एवढी घाबरतेस काय! हळदीकुंकू आणि बोरन्हाण एकाच दिवशी हवं असं कुठे आहे? दोन्ही रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालतात. १५चं हळदीकुंकू आहे तसंच राहू दे, बत्तीस जणींना परत फोन करत बसू नका. सासूबाईंचं वाण, सासूबाईंच्या मैत्रिणी, तुझं तिथे तसंही काम काय? फक्त बोरन्हाण १४वर घ्या, साडेतीनला. बिल्डिंगमधली मुलं बोलवा, शाळेतून आलेलीच असतात. बायका नकोत, बायका आल्या की चहा होतो आणि चहा झाला की सात वाजतात.

जुनी चादर अंथरा, त्यावर पाट. कुरमुरे दोन मापं पुरे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, तिळाच्या रेवड्या. मुलांसाठी चार गोळ्या वरून. बोरं हातानं सोडा, डोक्यावर आपटू नका, आमच्या नातवाला लागलं तेव्हापासून तो बोर बघितलं तरी रडतो. चादरीची चार टोकं उचलली की आवरलं. वीस मिनिटं.

सासूबाईंना तू सांगू नकोस, नवऱ्याला सांगू दे. आणि ते गप्प बसणं रागाचं नाही गं. त्यांच्या हिशेबातला एक दिवस गेला ना.

सिडनीवाला दादा (१३ जानेवारी, सकाळी १०.०५)

बॅगांबद्दल सांगतो, दहा वर्षं ही वारी चालू आहे.

पेढे, बर्फी काढून ठेवा. दुधाची भारतीय मिठाई ऑस्ट्रेलियात आणता येत नाही, नावानिशी मनाई आहे. कढीपत्ता नाही, ताजी फळं नाहीत, पेरायचं बी नाही. आया गुपचूप तुळशीच्या मंजिऱ्या पुडीत बांधून देतात, ती पुडी शोधा, असणारच. तिळाचे लाडू, भाजणी, मसाले आणा, पण विमानात मिळणाऱ्या कार्डावर 'अन्न आहे' असं बिनधास्त लिहा. लिहिलंत तर फार तर वस्तू जाते. लपवलंत तर दंड.

आपल्या बाजूची गंमत वेगळीच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, २०२२ पासून मनाई आहे. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेतं म्हणून. टी-२ला याच वाटीपायी माझी बांधलेली बॅग उघडून झालीय. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्या बॅगेतच.

नेरूळ पूर्व (१३ जानेवारी, सकाळी ११.२०)

ताई, तुम्ही चार माणसं नेरूळला नेऊन परत आणण्यापेक्षा आईबाबांनाच ठाण्याला बोलवा ना. ट्रान्स-हार्बरची सरळ लोकल आहे, सकाळी दहानंतर बसायला मिळते. त्यांना बोरन्हाणही बघायला मिळेल. आणि दातवाल्याला आजच फोन करा, कॅप न बसवता विमानात चढू नका, अनुभव आहे.

मेलबर्नकरीण (१८ जानेवारी, दुपारी २.१५, मेलबर्नहून)

पोचलो. तुम्हा सगळ्यांचे आभार, आणि एक कबुलीसुद्धा द्यायचीय.

नवऱ्यानं सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं आणि माझ्यासमोर धरलं. १५ तारखेला लाल पेनानं गोल, त्यात 'विमान रात्री'. अक्षर माझं. आल्या दिवशी जेट लॅगमध्ये मीच लिहिलं होतं. इथे मी त्यांचा घोटाळा म्हणून तक्रार घेऊन आले होते. मी माफी मागितली, तर त्या म्हणाल्या, "जाऊ दे, आता कुरमुरे किती आणायचे ते सांग."

नेरूळला फोन केला तेव्हा बाबा "बघतो" म्हणाले आणि ठेवून दिला. १४ला सकाळी साडेदहाला दोघं दारात. आईच्या हातात साबुदाण्याच्या खिचडीचा डबा आणि शिंगाड्याच्या पुऱ्या, बाबांच्या पिशवीत हुकाचा ताणकाटा. बाबा स्टोअरकीपर होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. त्यांनी बूट काढायच्या आधी बॅगा मागितल्या. प्रत्येक बॅग हुकाला लावून दोन्ही हातांनी उचलायचे, काटा थांबेपर्यंत श्वास धरायचे, मग मोठ्यानं "बत्तीस सातशे!" आणि मोठी वहीत लिहायची. बत्तीस सातशेमधून सासूबाईंचा पितळी खलबत्ता निघाला, जो मी बॅगेत ठेवलाच नव्हता. खाली एका मोज्यात तुळशीच्या मंजिऱ्या. सिडनीदादा, तुम्हाला साष्टांग. खोबऱ्याच्या तीन वाट्या निघाल्या, त्या मात्र माझ्या आईच्या. दोन्ही आया एकमेकींकडे बघून हसल्या, चार आठवड्यांत पहिल्यांदा.

बँक झाली. दात झाला, अर्धा जबडा बधिर होता. टेलरचा एक ब्लाउज मिळाला, दुसरा "संध्याकाळी". बोट राहिली. मोठीनं ते माफ केलेलं नाही.

बोरन्हाण बरोबर साडेतीनला. नऊ मुलं आली. धाकटा काळा झबला आणि हलव्याचा मुकुट घालून पाटावर बसला, पहिली मूठ पडल्यावर दचकला, दुसऱ्या मुठीला स्वतःच पाटावरून उतरून इतर मुलांबरोबर बोरं लुटायला लागला. सासूबाई ओवाळायला तबक घेऊन उभ्या आणि पाट रिकामा. बासरी त्यानं तिथेच चोखून संपवली. सुमनमावशी, वीस मिनिटं नाही, पन्नास लागली, पण चहा होऊ दिला नाही.

निघालो सात पन्नासला. विक्रोळीला नकाशा लाल, छेडानगरवरून गेलो, नऊ पंचवीसला टी-२. नवऱ्यानं साडेनऊचा विषय परत काढलेला नाही.

इथे उतरल्यावर कार्डावर सगळं लिहिलेलं होतं: लाडू, भाजणी, गोडा मसाला, हलव्याचा मुकुट. मुकुट बघून अधिकारी बाईंनी विचारलं हे काय, म्हटलं साखर, मुलाचा दागिना. त्यांनी उलटापालटा करून परत दिला. मग त्यांनी धाकट्याचं जाकीट हातात घेतलं, तर खिशातून सात बोरं आणि एक उसाचा करवा. मला खरंच ठाऊक नव्हतं. अन्नावर खूण होती म्हणून निभावलं, सगळं त्यांच्या डब्यात गेलं. धाकटा अख्ख्या विमानतळाला ऐकू जाईल असा रडला, "माझी बोलं!"

हळदीकुंकू १५ला झालं, आम्ही तेव्हा विमानात. काल व्हिडिओ कॉलवर कळलं, बत्तीसच्या जागी सदतीस जणी आल्या आणि गाळण्या दोन कमी पडल्या. कोणाला कमी पडल्या, ती नावं मला सविस्तर सांगण्यात आलीत.