मदत हवी आहे: ६ पीपीसी या रायफलच्या काडतुसासाठी नेक बुशिंग (केसचा नेक दाबून बारीक, म्हणजे साइझ करणारी डायमधली रिंग) ०.२५७ इंचाचं की ०.२५८?

रायफल बेंचरेस्टची (टेबलावर टेकवून करायच्या अचूक नेमबाजीची), चेंबरचा नेक ०.२६२ इंच. केसचे (पितळी पुंगळ्यांचे) नेक टर्न करून, म्हणजे बाहेरून तासून, भिंत ०.००८५ ठेवली आहे, त्यामुळे बुलेट बसवलेल्या राउंडचा नेक बरोबर ०.२६० भरतो. नेहमीच्या हिशेबाने त्यातून दोन हजारांश वजा करून ०.२५८ चं बुशिंग घेतलं.

नव्या केसवर ते छान चालतं. पण बऱ्याचदा फायर झालेल्या, अ‍ॅनील न केलेल्या (तापवून मऊ न केलेल्या) केसचं पितळ कडक झालंय. साइझ केल्यावर नेक परत उघडून ०.२५९ होतो, म्हणजे पकड उरते जेमतेम एक हजारांश. आर्बर प्रेसवर (बुलेट केसमध्ये दाबून बसवायच्या हातयंत्रावर) हे लगेच कळतं: एक बुलेट लोण्यात सुरी जावी तशी उतरते, पुढचीला दांडा चक्क अडतो. टार्गेटवर गोळ्यांचा गट उभा पसरतो, त्याचं मूळ इथेच असावं असं मला वाटतं.

बुशिंग डायमध्ये हवं तसं मोकळं आहे, हलवलं की खुळखुळतं. नेकच्या मुळाशी आतून पितळाचं जाड कडं आलेलं नाही, तेही पाहिलं.

आता ०.२५७ घ्यावं, की आधी सगळा लॉट अ‍ॅनील करून ०.२५८ वरच राहावं? अर्ध्या हजारांशाचं, ०.२५७५ चं बुशिंग कोणी वापरलंय का? साइझ केल्यानंतरचं नेकचं माप आणि केस किती वेळा फायर झाली, हे दोन्ही कृपया सांगा.