नजर ६/६, तरी दुपारनंतर आकडे पुसट. मदत हवी आहे

फोंडेकर: डोळे तपासले, दोन्ही ६/६. शेवटची ओळ घडाघडा वाचली. तपासणारा म्हणाला, नंबर नाही. मग दुपारी ३ नंतर एक्सेलमधले ३ आणि ८ सारखेच का दिसतात? भुवईच्या वर ठणकतं ते वेगळंच. कुठला ड्रॉप घालू तेवढं सांगा, मार्चएंड आहे.

रायबंदर: वय?

म्हापसेकर: ड्रॉप सोड. आमच्या शुक्रवारच्या बाजारातून +१.५ चा तयार चष्मा घे. मी ३ वर्षं तोच लावतो.

काणकोणकर: आणि दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असले तर? सिलिंडर, म्हणजे बुबुळाच्या वाकडेपणाचा तिरपा नंबर, असला तर? तयार चष्म्याच्या दोन्ही काचा सारख्याच असतात.

म्हापसेकर: मला काय झालं?

काणकोणकर: तुम्हाला झालं नाही म्हणून सगळ्यांना +१.५?

वास्कोचा: लेसर करून टाका. भाच्याचा उणे ४ गेला.

रायबंदर: अहो, त्याला नंबर नाही सांगितलाय, लेसर कशावर करणार? फोंडेकर, वय?

शिरोडकरीण: रोज गाजर आणि बांगडे खा.

म्हापसेकर: बांगड्याचा भाव बघितलात?

फोंडेकर: ४३. वयाचा काय संबंध?

रायबंदर: सगळा तोच. ६/६ म्हणजे ६ मीटरवरचा तक्ता वाचलात. हातात धरून वाचायला कार्ड दिलं होतं? शिवाय थोडा अधिकचा, म्हणजे प्लसचा, नंबर असला तर डोळ्यातला स्नायू जोर लावून तो झाकतो, तक्ता साफ दिसतो. चाळिशीनंतर तो जोर कमी पडतो. घरी एक करा: गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख आधी उन्हात वाचा, मग ट्यूबलाइटखाली.

फोंडेकर: उन्हात वाचली. स्वयंपाकघरात हात लांब करावा लागला. बायको हसते आहे.

रायबंदर: उन्हात बाहुली बारीक होते, म्हणून तिथे निभावतं. जवळची नजर तपासून घ्या आणि लपलेला नंबर बघायचा का ते विचारा. त्यासाठी ड्रॉप घातले तर पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं, ऊन टोचतं. स्कूटर नेऊ नका.

काणकोणकर: साखरही बघा. ती वरखाली झाली की नंबर हलतो.

फोंडेकर: म्हणजे चाळिशी लागली म्हणा की! बरं, गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, दाखवतो. फोंड्याहून बांबोळीला थेट बस आहे का?

म्हापसेकर: बाजार शुक्रवारी असतो, लक्षात ठेव.