स्ट्रॅट गिटारचा ट्रेमोलो (सूर हलवणारा दांडा) दाबला की जी (G) तार बेसूर

प्रश्न: ट्रेमोलो दाबून सोडला की जी तार चढी राहते. तारा १०-४६ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), ट्रेमोलोच्या स्प्रिंगा ३. ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) बदलू का?

उत्तर १: ट्यूनर नकोच, दोष नटचा (खुंट्यांजवळची, तारा बसतात ती खाचांची पट्टी) आहे! दाबताना तार ट्यूनरकडे सरकते आणि परतताना खाचेत अडकते, म्हणून सूर चढतो. (बेंडनंतर, म्हणजे तार बोटाने बाजूला ओढून सोडल्यावर, उतरत असेल तरी कारण हेच.) जी तार ०.०१७ इंची, खाच ०.०१८-०.०१९ रुंद करा आणि त्यात मऊ पेन्सिलीचं शिसं भरा. खोली वाढवू नका, मोकळी तार खरखरेल.

उत्तर २: ट्यूनरवर वेढे ३च ठेवा. ब्रिजची (तारांचं खालचं टोक धरणाऱ्या भागाची) मागची कड ३ मिमी उचललेली, म्हणजे ब्रिज तरंगता हवा. गिटारवादक एरिक क्लॅप्टननी लाकडी ठोकळ्याने ट्रेमोलो बंदच केला, तोही मार्ग आहे. पण गिटारवादक जेफ बेकचे गळ्यासारखे स्वर तरंगत्या ब्रिजशिवाय अशक्य.

प्रश्नकर्ता: तरंगत्या ब्रिजवर बेंड करताना बाकीच्या तारा उतरतात ना?

उत्तर २: हो, थोड्या. चौथी स्प्रिंग लावा, कमी होईल.