‘नॉइज’ला ‘गोंगाट’ म्हणावे काय?

प्रश्न : कारखान्यातील दोन सर्किट बोर्डांमधले अवरक्त किरणांचे संदेशवहन मधूनच तुटते. त्यासंबंधीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत ‘नॉइज’साठी, म्हणजे संदेशात मिसळणाऱ्या नकोशा संकेतांसाठी, ‘गोंगाट’ हा शब्द चालेल काय?

उत्तर : चालू नये, असे मला ठामपणे वाटते. गोंगाट कानांना ऐकू येतो, आणि यंत्रांच्या आवाजाचा या बिघाडाशी काहीही संबंध नसतो. ‘व्यत्यय’ हा शब्द त्यापेक्षा बरा असला, तरी तो एकटा पुरत नाही. कारण ३८ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या, म्हणजे सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणारा प्रकाश टिपणाऱ्या, नेहमीच्या रिसीव्हरपर्यंत (संदेश घेणाऱ्या भागापर्यंत) हा उपद्रव दोन अगदी वेगळ्या वाटांनी पोहोचतो. इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला हजारो वेळा कमीजास्त होतो आणि ती वारंवारता ३८ किलोहर्ट्झच्या जवळपास असली, तर रिसीव्हरला तो संदेशच वाटतो. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हमधील स्विचिंगचे (वीज वेगाने चालू-बंद होण्याचे) झटके मात्र मुख्यतः सप्लाय व अर्थिंगच्या तारांतून शिरतात आणि त्यांना प्रकाशाची गरजच नसते.

हा फरक पाहणे सोपे आहे. पाठवणारा बोर्ड बंद करून रिसीव्हरवर जाड पुठ्ठा घट्ट धरावा आणि रिसीव्हरचे आउटपुट ऑसिलोस्कोपवर (विद्युत संकेत पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर) पाहावे. खोटे पल्स (संदेश नसतानाही उमटणारे ठोके) थांबले, तर उपद्रव प्रकाशातून येत होता. चालूच राहिले, तर तो विजेच्या वाटेने येत आहे. पुठ्ठ्याऐवजी काळे प्लॅस्टिक वापरू नये, कारण डोळ्यांना काळे दिसणारे कित्येक प्लॅस्टिक अवरक्त किरणांना आरपार जाऊ देते. धातूची पट्टीही टाळावी, कारण हवेतून थेट येणारे विद्युत झटकेही ती अडवू शकते आणि निदान फसते.

पुरवणी प्रश्न : पण कामावरची माणसे ‘नॉइज’च म्हणतात. तो शब्द काढून काय साधेल?

उत्तर : तो काढू नयेच, त्याला विशेषण जोडावे. ‘प्रकाशातला नॉइज’ म्हटले की आडोसा करणे किंवा दिवा बदलणे सुचते; ‘सप्लायमधला नॉइज’ म्हटले की रिसीव्हरच्या सप्लायच्या पायाशी रेझिस्टर व कपॅसिटर लावणे सुचते. मात्र बोर्ड खंड न ठेवता सतत पाठवत राहिल्यामुळे रिसीव्हर आपली संवेदनक्षमता आपोआप कमी करतो, तेव्हा ‘नॉइज’ हा शब्द मुळीच वापरू नये. तेथे ‘दोन संदेशांमधील खंड अपुरा’ असे सरळ लिहावे, म्हणजे तंत्रज्ञ तारा तपासत न बसता प्रोग्राम उघडेल.